नोंद पुढे जाते, दुरुस्ती मागे येत नाही

मुंबई-अहमदाबाद महामार्ग चिंचोटीला सोडला की रस्ता कामणवरून अंजूरफाट्याला आणि तिथून भिवंडीत उतरतो. पावसाळ्यात इथे गर्दी होते ती धबधब्यामुळे. बारा महिने हा नाका जागा ठेवतात ते मात्र ट्रक, टेम्पो आणि कंटेनर. घोडबंदरचा गायमुख घाट दुरुस्तीला काढला की तिथली जड वाहनेही इकडेच वळवतात. रस्त्याच्या आतल्या अंगाला, पार वालीव-सातिवलीपर्यंत, गाळेच गाळे आहेत. कुठे प्लास्टिक मोल्डिंग चालते, कुठे पॅकेजिंग, कुठे लेथवरचे जॉब वर्क. बहुतेक गाळ्यांत माळ्यावर एक टेबल असते, त्यावर टॅली उघडलेला कॉम्प्युटर आणि शेजारी फुगलेली चलानांची फाइल.

या एका कॉम्प्युटरला आज बऱ्याच जणांशी बोलावे लागते. माल देणाऱ्या कंपनीचा ईआरपी, जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, बँक, सीएचे सॉफ्टवेअर, ट्रान्सपोर्टरची बिल्टी. दहा वर्षांपूर्वी यातले जवळपास सगळे कागदावर आणि फोनवर चालायचे. आता नळ जोडले गेले आहेत, आणि ते कसे जोडले गेले हे सांगण्यासारखे आहे. पण नळ जोडणे आणि पाणी स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी, आणि चर्चा नेहमी पहिलीचीच होते. माझे म्हणणे एवढेच की व्यवसायांमधली आपली बहुतेक देवाणघेवाण एकेरी आहे. नोंद एका सिस्टिममधून दुसरीत जाते, तिथे ती चुकीची असल्याचे लक्षात येते, तिथल्या तिथे डागडुजीही होते. पण ती दुरुस्ती जिथून नोंद निघाली तिथे परत पोचत नाही. म्हणून तीच चूक पुढच्या महिन्यात पुन्हा येते.

उदाहरण घेऊ. समजा, भिवंडीतली एक कंपनी चिंचोटीच्या गाळ्यात ५०० किलो स्टीलचा रॉड जॉब वर्कला पाठवते. गाळा त्याचे १२,००० नग करून देतो. ड्रॉइंगप्रमाणे एक नग ३८ ग्रॅमचा, म्हणजे माल ४५६ किलो. भंगार ४१ किलो. उरलेले तीन किलो तेल, धूळ आणि काट्याच्या फरकात गेले असे दोन्ही बाजू मान्य करतात. इथवर सगळे ठीक. भिवंडीत माल उतरवताना बारा हजार नग कोणी हाताने मोजत नाही. नग मोजणाऱ्या काट्यावर टाकतात. काटा एकूण वजनाला एका नगाच्या वजनाने भागतो, आणि ते वजन येते कंपनीच्या आयटम मास्टरमधून, म्हणजे प्रत्येक मालाच्या कायमच्या नोंदींच्या यादीतून. तिथे जुन्या ड्रॉइंगचे ३८.१५८ ग्रॅम पडून आहे. काटा दाखवतो ११,९५०. कंपनीच्या आवक पावतीवर ‘५० नग शॉर्ट’ असे येते आणि बिलातून तेवढी मजुरी कापली जाते.

नगाला दोन रुपये मजुरी धरली तर प्रश्न शंभर रुपयांचा. त्यासाठी कोण भांडणार? गाळ्याचा सुपरवायझर त्यावर आपल्या परीने उपाय काढतो: पुढच्या लॉटपासून ५० नग जास्त टाकायचे. आता भिवंडीचा काटा बरोबर १२,००० दाखवतो. चलान १२,०००, पावती १२,०००, बिल १२,०००. तिन्ही आकडे जुळले, आणि गेले खरे १२,०५०. आणखी चार महिन्यांनी भंगाराचा हिशेब बसेना म्हणून कंपनी विचारणा करते तेव्हा उत्तर कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये सापडत नाही, कारण ते सुपरवायझरच्या डोक्यात असते.

ताळमेळाच्या सॉफ्टवेअरने हे प्रकरण हिरव्या खुणेने पास केले असते. दोन सिस्टिममधले आकडे जुळणे हा माहितीच्या दर्जाचा पुरावा धरला जातो. पण जुळवून घेतलेले आकडेही जुळतातच.

या देवाणघेवाणीच्या उगमाकडे थोडे वळून पाहायला हवे. पूर्वी रोजकीर्द आणि खतावणी प्रत्येक पेढीची आपली असे आणि दोन पेढ्यांचा मेळ माणसे समोरासमोर बसून घालत. यंत्रांनी एकमेकांना कागदाविना बिले पाठवायची, ही कल्पना अमेरिकेतल्या वाहतूक व्यवसायातून वाढली. तिथे १९७९ मध्ये एक्स-१२ या मानकाची समिती बसली, आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एडिफॅक्ट आले. ऑर्डर कशी लिहायची, बिलात कुठला रकाना कुठे, हे सारे ठरले. पण ते मोठ्यांचे काम होते. आपल्याकडे त्याची झळ पहिल्यांदा लागली ती बंदरात आणि कस्टममध्ये. न्हावा-शेव्याला उतरणाऱ्या कंटेनरच्या अंगावरचा क्रमांक पाहा: चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा. तो शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणिताने निघतो. टाइप करताना एखादा आकडा चुकला तर गणित बसत नाही आणि चूक जागच्या जागी पकडली जाते. २०१६ पासून न्हावा-शेव्याच्या कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावून त्यांचा माग ठेवला जातो, तो या शिस्तीच्या पायावर.

गाळ्यांपर्यंत ही शिस्त पोचवली ती करखात्याने. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि प्रत्येक व्यापाऱ्याला पंधरा अक्षरांचा क्रमांक मिळाला. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे पॅनची. आणि शेवटचे अक्षर कंटेनरसारखेच, तपासणीचे. एवढ्या एका क्रमांकाने जे केले ते कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीला जमले नव्हते. महाड, वापी आणि चिंचोटीतल्या तीन संगणकांना एकच पार्टी एकाच नावाने ओळखता येऊ लागली. मग २०१८ मध्ये ई-वे बिल आले. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले आणि ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. म्हणजे चिंचोटीतले चांगले चाललेले गाळे आज त्यात आहेत. ज्या ठरावीक रचनेत बिल पोर्टलवर जाते, ती देशभर एक आहे. युरोपात इटलीने हेच २०१९ मध्ये केले. आपण फार मागे नव्हतो, हे एरवी कोणी बोलत नाही.

पण करखाते स्वच्छ करते ते स्वतःला लागणारे रकाने. कराची रक्कम, दर, क्रमांक, तारीख. मालाचे परिमाण त्याच्या दृष्टीने दुय्यम, कारण कर किमतीवर आहे. जीएसटीच्या परिमाणांच्या यादीत मीटरसाठी ‘एमटीआर’ आणि मेट्रिक टनासाठी ‘एमटीएस’ असे कोड आहेत. एका अक्षराचा फरक. प्लास्टिक फिल्मचे रोल विकणाऱ्याने ४०० मीटरऐवजी ४०० टन निवडले तरी पोर्टल चूं करत नाही. कराची बेरीज बरोबर असते ना! हीच फाइल घेणाऱ्याने आपल्या स्टोअरच्या सिस्टिममध्ये थेट ओढली तर मात्र गोदामात चारशे टन फिल्म येऊन बसते. रिचर्ड वँग आणि डायन स्ट्राँग या अभ्यासकांनी १९९६ मध्ये मांडले होते की माहितीचा दर्जा ती वापरणाऱ्याने ठरवायचा असतो, नुसता अचूकपणा पुरत नाही. इथे त्याचा रोकडा अनुभव येतो. तेच बिल सीएसाठी निर्दोष आणि स्टोअरकीपरसाठी निरुपयोगी असते.

पत्त्यांचे तर विचारायलाच नको. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तरी ‘तालुका वसई, जिल्हा ठाणे’ असे छापलेली बिले अजून फिरतात, कारण ग्राहक कंपनीच्या मास्टरमध्ये तो पत्ता २०१४ च्या आधी भरला गेला आणि नंतर कोणी उघडलाच नाही. चिंचोटीच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका ‘टी’च्या जागी ‘एल’ पडला की चिंचोली होते. मालाडला चिंचोली आहे आणि सोलापूरला चिंचोलीची एमआयडीसी आहे. गाळ्याचा खरा पत्ता म्हणजे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, इस्टेटचे नाव, गाळा नंबर आणि शेवटी अमक्या ढाब्याच्या मागे. ड्रायव्हर फक्त शेवटचा भाग वाचतो आणि कॉम्प्युटरला नेमका तोच कळत नाही. घरपट्टीच्या बिलावर मालकाचे नाव देवनागरीत, लाइट बिलावर इंग्रजीत एका स्पेलिंगने, पॅनवर दुसऱ्या. ४०१२०८ हा एकच पिन वसई पूर्वेच्या मोठ्या औद्योगिक पट्ट्याला लागतो, त्यामुळे पिनवरूनही गाळा सापडत नाही. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. साधारण चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरी खूण. गाळ्यांसाठी तो सोयीचा ठरेल. पण मास्टरमध्ये त्याला रकाना कोण देणार, हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

चूक जन्मते कुठे हे पाहायचे तर टॅलीच्या व्हाउचर स्क्रीनसमोर संध्याकाळी सहाला उभे राहावे. टेम्पो खाली थांबलाय, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, बिल काढणारा मुलगा पार्टीचे नाव टाइप करतो. यादीत पटकन सापडत नाही. ऑल्ट-सी दाबले की तिथल्या तिथे नवे खाते उघडता येते. सोय उत्तम आहे, पण एकाच पार्टीची ‘एंटरप्राइज’, ‘एंटरप्रायझेस’ आणि ‘एंट.’ अशी तीन खाती तयार होतात ती याच सोयीतून. वर्षाखेरीला बाकी तिघांत विभागलेली असते. मी याचा दोष त्या मुलाला देत नाही. त्याला माल बाहेर काढायचा पगार मिळतो, मास्टर नीट ठेवायचा नाही. तो पगार कोणालाच मिळत नाही, हीच अडचण आहे.

मग एक्सेल. दोन सिस्टिमना जोडणारा खरा पूल आजही एक्सेलच आहे, कोणी काहीही म्हणो. बिल क्रमांक ‘३-१२’ असा असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते; ‘००४५’ चे शून्य गिळते. हे फक्त आपल्याच नशिबी आहे असे नाही. जनुकांची नावे एक्सेलमध्ये तारखा होऊन बसतात म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये चक्क काही मानवी जनुकांची अधिकृत नावे बदलली. ई-इनव्हॉइसने इथे चांगला लगाम घातला. बिल क्रमांक शून्याने, तिरक्या रेघेने किंवा आडव्या रेघेने सुरू होऊ शकत नाही. लहान आणि मोठ्या लिपीतला एकच क्रमांक दोन बिले म्हणून नोंदला जाण्याची वाटही १ जून २०२५ पासून बंद झाली.

पैशाची बाजू याहून किचकट. समजा कंपनीने चार बिलांचे पैसे एकरकमी बँकेत टाकले, त्यातून टीडीएस कापला, शॉर्ट मालाची डेबिट नोट वजा केली. गाळ्याच्या बँक स्टेटमेंटमध्ये येते फक्त एक आकडा आणि एक यूटीआर क्रमांक. कुठल्या बिलाचे किती, हे सांगणारी पेमेंट ॲडव्हाइस कंपनीच्या कुठल्याशा पोर्टलवर पडलेली असते आणि पासवर्ड गेल्या वर्षीच्या अकाउंटंटकडे असतो. मग नोंद होते ‘ऑन अकाउंट’. टॅलीतला हा पर्याय म्हणजे ताळमेळ पुढे ढकलण्याची परवानगी, आणि एकदा ढकलला की तो मार्चशिवाय वर येत नाही.

वाहतुकीत तर कायद्यानेच चुकांची प्रतवारी केली आहे. ई-वे बिलात पार्टीच्या नावाचे स्पेलिंग, गाडीच्या नंबरातले एक-दोन आकडे, पिनकोड अशा किरकोळ चुका असतील तर माल अडवून मोठा दंड लावू नये, केंद्र आणि राज्य कायद्याखाली ५००-५०० रुपये घ्यावेत, असे परिपत्रक १४ सप्टेंबर २०१८ ला निघाले. एखाद्या सरकारी यंत्रणेने ‘एवढी चूक चालेल’ असे लेखी सांगणे दुर्मिळ. खासगी कंपन्यांच्या पोर्टलांना मात्र अशी सहनशीलता ठाऊक नाही. तिथे पर्चेस ऑर्डरशी दहा पैसे जुळले नाहीत की बिल परत येते, तेही कारण न सांगता.

आता दुरुस्तीच्या परतीच्या वाटेचा मुद्दा. जीएसटीच्या मूळ आराखड्यात ती वाट होती, हे आता विसरले गेले आहे. विकणाऱ्याने जीएसटीआर-१ भरायचे, घेणाऱ्याने जीएसटीआर-२ मध्ये ती बिले तपासून मान्य करायची किंवा दुरुस्त करायची, आणि ती दुरुस्ती विकणाऱ्याकडे परत जायची. कागदावर हे सुंदर होते. पण पोर्टलला भार झेपेना आणि व्यापाऱ्यांना ते समजेना; नोव्हेंबर २०१७ मध्ये जीएसटीआर-२ बाजूला ठेवले गेले. त्यानंतर घेणाऱ्याच्या हाती आले ते फक्त पाहण्याचे पत्रक. आधी २-ए, मग २०२० पासून २-बी. पुढे १ जानेवारी २०२२ पासून नियम कडक झाला: विकणाऱ्याने बिल दाखवले नाही तर घेणाऱ्याला भरलेल्या कराचे क्रेडिट नाही. म्हणजे चूक एकाची आणि पैसे अडकणार दुसऱ्याचे. अन्यायच म्हणायचा, पण बिले वेळेवर चढवायला लावणारे याच्याइतके परिणामकारक काही झाले नाही. ज्याचे पैसे अडकतात तो फोन करतो, आणि आपल्याकडची दुरुस्तीची यंत्रणा अजूनही फोन हीच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम सुरू झाली तेव्हा ती जुनी वाट अर्धवट का होईना उघडली. घेणारा आता बिल स्वीकारू, नाकारू किंवा थांबवून ठेवू शकतो. काहीच केले नाही तर ते स्वीकारले असे धरतात, आणि बहुसंख्य लोक काहीच करत नसावेत असा माझा कयास आहे. नाकारल्याचे विकणाऱ्याला दिसते, हे महत्त्वाचे. पण ते दिसते करापुरते. ‘५० नग शॉर्ट’ हे त्यात कुठेच बसत नाही.

बाकीच्या ठिकाणी दुरुस्तीचे दार अरुंदच आहे. ई-इनव्हॉइस चोवीस तासांत रद्द करता येते, पोर्टलवर बदलता येत नाही. ई-वे बिलाचेही तसेच. बदलता येतो तो गाडीचा नंबर. बिल कोणीही मागाहून फिरवू नये म्हणून हे असे केले आहे, आणि करचोरी रोखायची तर ते योग्यच. व्यवहाराच्या नोंदी अशा गोठलेल्या असाव्यात. मास्टर मात्र जिवंत हवा. आपल्याकडे नेमके उलटे घडते. व्यवहारात वाटेल तशा उलट-सुलट नोंदी मारतो आणि मास्टर वर्षानुवर्षे गोठलेला. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बहुतेक मालासाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा प्रत्येक गाळ्याला आपला आयटम मास्टर उघडून पाहावा लागला. हजार आयटमांत चालू किती, मेलेले किती आणि एकच आयटम किती नावांनी बसलाय हे कित्येकांना त्या आठवड्यात प्रथम कळले असेल. संधी चांगली होती. बहुतेकांनी टक्का बदलला आणि यादी पुन्हा मिटली.

उपायांची चर्चा नेहमी मोठ्या नावांपाशी जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरणाबरोबर यूलिप हा सरकारी सिस्टिमांना जोडणारा मंच आला. वाहन नोंदणी, फास्टॅग, बंदर, रेल्वे यांची माहिती त्यातून मिळू शकते. ट्रान्सपोर्ट कंपन्यांना आणि मोठ्या गोदामांना त्याचा उपयोग आहे. चिंचोटीच्या गाळ्याला त्यातून खानिवड्याच्या टोलनाक्यावरून गाडी कधी गेली हे कळेल, आपला नग ३८ ग्रॅमचा आहे हे भिवंडीला कळणार नाही. टॅलीत एक्सएमएलने ऑर्डर आत घेण्याची सोय फार जुनी आहे; तरी पर्चेस ऑर्डर पीडीएफमध्ये ई-मेलने येते, तिची प्रिंट निघते आणि ती बघून पुन्हा टाइप केली जाते. तंत्र अडवत नाही. आयटमला दोन बाजूंनी एकच कोड द्यायचा तर आधी कोणाचा कोड चालणार हे ठरवावे लागते, आणि ते कोणी ठरवत नाही. मोठा खरेदीदार म्हणतो आमचा वापरा. गाळ्याला असे सहा खरेदीदार असतात आणि एकाच रॉडला सहा कोड. ग्राहकोपयोगी मालात बारकोडने हा तंटा केव्हाच मिटवला, कारण दुकानदार त्याशिवाय माल घेईना. जॉब वर्कच्या जगात तसा तिसरा दुकानदार नाही.

आणखी एक विसंगती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क देऊ केला आहे, तो अजून लागू व्हायचा असला तरी. गाळ्याच्या मालकाचा मोबाइल नंबर कंपनीकडे चुकीचा असेल तर त्याला या कायद्याचा आधार मिळेल. त्याच्या नगाचे वजन चुकीचे असेल तर काही आधार नाही.

हा आधार करारात आणता येतो. पर्चेस ऑर्डरच्या मागे छापलेल्या अटींत पेनल्टीची कलमे डझनभर असतात. त्यात आणखी दोन बसायला हरकत नाही. आवकेत फरक निघाला तर दोन दिवसांत कारणासह कळवायचे आणि ज्या मास्टरवरून मोजणी झाली तो आकडा सोबत द्यायचा. ड्रॉइंग बदलले तर वजन, परिमाण आणि कोड दोघांनी एकाच दिवशी बदलून एकमेकांना लेखी कळवायचे. यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, ई-मेल चालेल. एकटा गाळा हे मागू शकत नाही, त्याची ऑर्डर दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यात जाईल. पण एकाच इस्टेटमधले चाळीस गाळे बहुधा त्याच पाच-सात खरेदीदारांना माल देतात आणि पाण्याच्या टँकरसाठी, रस्त्याच्या खड्ड्यांसाठी, लाइटच्या लोडसाठी ते एकत्र येतातच. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय अजून आलेला नाही.